एसीएलचं ऑपरेशन फसलं : दुसऱ्या ऑपरेशनची आखणी कशी करावी

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. वय २४, कबड्डीत चढाईपटू. तीन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याच्या एसीएलचं (नडगी पुढे सरकू न देणाऱ्या आतल्या बंधाचं) दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, ग्राफ्ट म्हणजे तुटलेल्या बंधाच्या जागी बसवलेली रज्जू त्याच पायाच्या हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूची), आणि त्याच वेळी गुडघ्यातल्या आतल्या बाजूच्या गादीचा (मेनिस्कसचा) फाटलेला तुकडा काढला. सहा महिन्यांत मॅटवर परत. गेल्या वर्षभरात वळताना गुडघा सटकू लागला, पण मोठा मार असा लागलेला नाही. एमआरआयचा रिपोर्ट म्हणतो ग्राफ्ट अखंड आहे. एक डॉक्टर लगेच पुन्हा ऑपरेशन करू म्हणतात, दुसरे म्हणतात दोन टप्प्यांत करावं लागेल. कुणाचं ऐकू, ग्राफ्ट कुठून घ्यायचा आणि पुन्हा खेळता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न.

या तिन्हींच्या आधीचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही. पहिलं ऑपरेशन फसलं का? त्याचं उत्तर मिळेपर्यंत दोन्ही डॉक्टरांपैकी कोण बरोबर हे मीच काय, ते स्वतःही नीट सांगू शकणार नाहीत. कारण न शोधता नुसता नवा ग्राफ्ट बसवला, तर जे बळ पहिल्या ग्राफ्टवर पडत होतं तेच दुसऱ्यावर पडणार.

अमेरिकेतल्या ‘मार्स’ या गटाने फसलेल्या एसीएलवरच्या फेरऑपरेशनांचा मोठा अभ्यास केला आहे. ५२ केंद्रं, ८३ सर्जन, १२०० हून अधिक रुग्ण. त्यांच्या सुरुवातीच्या ४६० रुग्णांत सर्जनांनी नोंदवलेली कारणं अशी : निव्वळ नवा मार ३२ टक्के, निव्वळ तांत्रिक चूक २४ टक्के, ग्राफ्ट न रुजणं ७ टक्के, आणि ३७ टक्क्यांत एकापेक्षा जास्त कारणं एकत्र. तांत्रिक चुकांमध्ये सगळ्यांत वरचा नंबर होता मांडीच्या हाडातल्या बोगद्याची जागा चुकण्याचा. बोगदा म्हणजे ग्राफ्ट बसवण्यासाठी हाडात पाडलेलं आरपार भोक. आम्ही आपसात टनेल म्हणतो.

‘पुन्हा मार लागला’ हे कारण रुग्णाला सोयीचं असतं आणि पहिल्या सर्जनलाही. म्हणून मी ते लगेच मान्य करत नाही. गुडघा पहिल्यापासूनच भरवशाचा वाटला नाही, तर बोगद्याची जागा चुकली असेल किंवा सोबतची दुसरी दुखापत तेव्हा नजरेतून सुटली असेल. वर्ष-दोन वर्षं गुडघा छान होता, मग एका पकडीत ‘कट्’ आवाज झाला आणि तासाभरात तो टम्म सुजला, तर मार हे खरं कारण. तुमची गोष्ट तिसऱ्या प्रकारची आहे. मोठा मार नाही, हळूहळू सैल होत गेलेला गुडघा. अशा वेळी बोगद्याची जागा, पायाची ठेवण, हाडाचा उतार आणि न ओळखलेली दुखापत या चारही गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता ‘ग्राफ्ट अखंड’ या रिपोर्टाबद्दल, कारण यावर बरेच जण अडतात. एमआरआय ग्राफ्टचे धागे सलग आहेत का ते दाखवतो, तो काम करतोय का ते दाखवत नाही. मांडीच्या हाडातला बोगदा फार पुढे आणि वर पडला तर ग्राफ्ट जवळजवळ उभा बसतो. उभा ग्राफ्ट नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही, पण गुडघ्याचं फिरणं रोखायला त्याची दिशाच उपयोगाची नसते. मग पेशंट सरळ रेषेत मजेत पळतो आणि चढाईत अंग वळवलं की गुडघा सटकतो. एमआरआयवर ग्राफ्ट शाबूत, लॅकमन चाचणी (नडगी हाताने पुढे ओढून पाहण्याची) बरी, पिव्हट शिफ्ट (गुडघा फिरवून सटकतो का ते पाहण्याची चाचणी) मात्र ठळक. तुमच्या लक्षणांवरून मला पहिला संशय याचाच येतो. हा संशय आहे, निदान नाही. गुडघ्याला हात लावल्याशिवाय निदान होत नाही.

हात लावून तपासणं हेच या आखणीतलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी तपासले पाहिजेत. जन्मतःच सगळे सांधे लवचीक असणारे लोक असतात. त्यांची कोपरं, अंगठे, करंगळ्या उलट्या वळतात, आणि त्यांच्यात ग्राफ्ट ताणला जाण्याचा धोका जास्त. पोटावर झोपवून दोन्ही पावलं बाहेर फिरवून पाहायची, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातले बंध तुटलेत का ते कळतं. ही दुखापत पहिल्या वेळी हमखास सुटणाऱ्यांपैकी आहे, आणि ती तशीच राहिली तर एसीएलचा ग्राफ्ट एकटाच सगळा ताण सोसत राहतो. आतल्या बाजूच्या बंधाचंही तसंच. मग पेशंटला व्हरांड्यात चालवायचं. पाऊल टेकताना गुडघा बाहेरच्या बाजूला झोकांडतो का ते डोळ्यांनी दिसतं; कुठल्याही मशीनवर ते दिसत नाही. आणि गुडघा पूर्ण सरळ होतो का? पाच-सात अंश कमी पडत असतील तर ते आधी सोडवावं लागतं. आखडलेल्या गुडघ्यात नवा ग्राफ्ट बसवला तर तो आणखी आखडतो.

पेशंट जागा असताना स्नायू आवळून धरतो, त्यामुळे पिव्हट शिफ्ट खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. ऑपरेशनच्या टेबलवर, भूल दिल्यावर ती पुन्हा करायची असते. तिथे आखणीत बदल होऊ शकतो, हे सर्जनने आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तपासण्यांपैकी एमआरआय तुमच्याकडे आहे. तो गाद्या, कूर्चा आणि इतर बंध पाहायला उपयोगी, आणि त्यात आतल्या गादीचं मूळ सुटलंय का, मागच्या कडेची चीर आहे का, हे पुन्हा बारकाईने पाहायला सांगा. आतली गादी हा एसीएलचा मदतनीस असतो. ती जितकी कमी, तितका ग्राफ्टवर भार जास्त. तुमची गादी किती उरली आहे याला म्हणूनच महत्त्व आहे.

तुमच्या कागदांत जे दिसत नाही ते म्हणजे सीटी स्कॅन आणि उभं राहून काढलेले एक्स-रे. झोपून काढलेला एक्स-रे या कामाला निरुपयोगी. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभा लांब एक्स-रे, त्याला स्कॅनोग्राम म्हणतात, पाय किती धनुष्यासारखा वाकला आहे ते दाखवतो. बाजूने नीट घेतलेला एक्स-रे नडगीच्या हाडाच्या वरच्या पृष्ठभागाचा मागचा उतार दाखवतो. बहुतेकांत हा उतार १० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तो जास्त असला की उभं राहिल्यावर, उडी मारून टेकल्यावर मांडीचं हाड मागे घसरतं आणि नडगी पुढे ढकलली जाते. प्रत्येक पावलागणिक ग्राफ्ट ताणला जातो. ऑस्ट्रेलियातल्या एका दीर्घ पाठपुराव्यात उतार १२ अंश किंवा अधिक असणाऱ्यांत एसीएल पुन्हा दुखावण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली होती.

सीटी स्कॅन बोगद्यांसाठी. एमआरआयवर बोगद्याच्या रुंदीचा अंदाज येतो, पण हाडाच्या कडा सीटीइतक्या स्वच्छ दिसत नाहीत, आणि आत धातूचा स्क्रू असेल तर चित्र आणखी बिघडतं. त्रिमितीय सीटीवर बोगदा नेमका कुठे आहे, किती रुंद आहे, नवा बोगदा पाडायला हाड किती शिल्लक आहे, हे तिन्ही कळतं. तुमचे दुसरे डॉक्टर ‘दोन टप्पे’ म्हणाले ते सीटी न पाहता म्हणाले असतील, तर त्यांनी अनुभवावरून अंदाज बांधला आहे. पहिल्यांचा ‘लगेच करू’ हाही अंदाजच. सोबत ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्ततपासण्या करून घ्या. दबून राहिलेला जंतुसंसर्ग ग्राफ्ट सैल होण्याचं दुर्मीळ कारण आहे, पण असला तर बाकी सगळी आखणी बाजूला ठेवावी लागते.

आता एक टप्पा की दोन. जुना बोगदा अगदी बरोबर जागी असेल आणि रुंदावला नसेल, तर तोच पुन्हा वापरता येतो. तो पूर्णपणे चुकीच्या जागी असेल तर तेही एका अर्थी चांगलंच, कारण योग्य जागेचं हाड कोरं असतं आणि नवा बोगदा तिथे निवांत पाडता येतो. जुना स्क्रू आडवा येत नसेल तर मी तो काढतही नाही, काढला की उगाच खड्डा उरतो. खरी अडचण अर्धवट चुकलेल्या बोगद्याची. नवा पाडायला गेलं की तो जुन्यात घुसतो आणि दोन्ही मिळून एक मोठं भगदाड होतं. भिंतीतलं भोक मोठं झालं की नवा खिळा कितीही चांगला असला तरी हलतोच. आधी भोक बुजवावं लागतं. इथेही तेच.

रुंदीबद्दल ढोबळ आकडा असा : १० मिलिमीटरपर्यंत चिंता नाही, १४-१५ च्या पुढे गेला तर बहुतेक सर्जन दोन टप्प्यांकडे वळतात, आणि मधल्या पट्ट्यात सर्जनचा हात, ग्राफ्टची जाडी आणि बोगद्याची दिशा यांवर ठरतं. हॅमस्ट्रिंग ग्राफ्टनंतर, विशेषतः तो बटणावर (हाडाच्या बाहेर अडकवलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर) टांगलेला असेल तर, बोगदा रुंदावण्याचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून तुमच्या बाबतीत सीटी टाळू नका.

दोन टप्प्यांत पहिल्या वेळी जुना ग्राफ्ट आणि स्क्रू काढून बोगदे हाडाने भरतात. हाड कमरेच्या कडेवरून घेता येतं, किंवा टिश्यू बँकेतून. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक निर्जंतुक केलेलं हाड पुरवते. मग चार ते सहा महिने थांबून पुन्हा सीटी, हाड भरल्याची खात्री, आणि त्यानंतर ग्राफ्ट. मधल्या काळात गुडघा सैलच असतो. या काळात ‘आता दुखत नाही’ म्हणून गावच्या सामन्यात उतरणारे खेळाडू असतात, आणि उरलेली गादी घालवून परत येतात. दोन टप्पे म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च, दोनदा रजा, हे खरं. पण ज्या सर्जनने मापं दाखवून दोन टप्पे सुचवले, तो पैसे काढतोय असा ग्रह करून घेऊ नका. मापं न दाखवता सुचवले, तर जरूर विचारा.

ग्राफ्टच्या प्रश्नावर माझी मतं ठाम आहेत, तेव्हा ती मतं म्हणूनच वाचा. पहिली गोष्ट, ग्राफ्ट तुमच्याच शरीरातला हवा. ‘मार्स’च्या अभ्यासात दोन वर्षांत ग्राफ्ट पुन्हा तुटण्याची शक्यता स्वतःच्या ग्राफ्टमध्ये दात्याच्या ग्राफ्टपेक्षा २.७८ पटींनी कमी निघाली. निर्जंतुकीकरणासाठी जास्त मात्रेचे गॅमा किरण दिले तर दात्याची स्नायुरज्जू कमकुवतही होते. हाड भरायला टिश्यू बँक उत्तम, पण २४ वर्षांच्या कबड्डीपटूच्या एसीएलसाठी मी तिथली स्नायुरज्जू वापरणार नाही. कृत्रिम लिगामेंट कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा. कार्बन फायबर, डेक्रॉन, गोर-टेक्स हे सगळं १९८० च्या दशकात वापरून झालं आहे. धागे झिजून तुटले आणि त्यांच्या चुऱ्याने गुडघे सुजत राहिले.

तुमच्या डाव्या पायाची हॅमस्ट्रिंग वापरून झाली आहे. उरतात वाटीखालची रज्जू, वाटीवरची म्हणजे क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूची) रज्जू, उजव्या पायाची हॅमस्ट्रिंग, आणि घोट्याजवळची पेरोनियस लाँगस ही रज्जू. वाटीखालच्या रज्जूला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. ते बोगद्याच्या हाडाशी लवकर जुळतात आणि थोडा रुंदावलेला बोगदाही भरून काढतात. तोटा म्हणजे गुडघे टेकून बसताना पुढे दुखणं. ज्याला रोज नमाजाला बसायचं आहे, फरशी बसवण्याचं काम आहे किंवा शेतात गुडघ्यावर बसून खुरपायचं आहे, त्याच्याशी मी यावर जास्त वेळ बोलतो. क्वाड्रिसेप्सची रज्जू जाड असते, हवी तर वाटीच्या तुकड्यासकट घेता येते आणि गुडघे टेकताना त्रास कमी. मात्र मांडीचा पुढचा स्नायू परत ताकदीला आणायला मेहनत जास्त. तुमच्यासाठी माझी पसंती या दोनांतलीच. चांगल्या पायाची हॅमस्ट्रिंग घेणं चुकीचं नाही, पण चढाईत तुमचं सगळं अवसान त्या एका पायावर आहे, तो तसाच राहू द्यावा. पेरोनियस लाँगस आपल्याकडे अलीकडे फार वापरतात आणि घोट्याला मोठी तक्रार राहत नाही असे बहुतेक निष्कर्ष आहेत. तरी पायाच्या टोकाने स्पर्श करून गुण घेणाऱ्या, चवड्यावर वळणाऱ्या खेळाडूच्या घोट्यातून काही काढायला माझा हात कचरतो.

ग्राफ्टच्या निवडीवर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्यापेक्षा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला घातल्या जाणाऱ्या आधाराबद्दल विचारा. मांडीच्या बाहेरून येणाऱ्या जाड पट्ट्याची एक चिंचोळी पट्टी खालचं टोक तसंच ठेवून सोडवतात, बाहेरच्या बंधाखालून घेतात आणि मांडीच्या हाडाला पक्की करतात. गुडघा आत फिरताना ती पट्टी ग्राफ्टवरचा ताण वाटून घेते. कॅनडा आणि युरोपातल्या ‘स्टॅबिलिटी’ चाचणीत २५ वर्षांपर्यंतचे ६१८ रुग्ण होते. दोन वर्षांनी नुसत्या हॅमस्ट्रिंग ग्राफ्टच्या गटात ग्राफ्ट तुटला ११ टक्क्यांत, पट्टी जोडलेल्या गटात ४ टक्क्यांत. तुटणं आणि गुडघ्याचं फिरणं सैल राहणं हे मिळून धरलं तर ४० विरुद्ध २५ टक्के. हा अभ्यास पहिल्या ऑपरेशनांचा होता, फेरऑपरेशनांचा नव्हे. तरी तुमच्या वयाचा, वळणावळणाचा खेळ खेळणारा आणि एकदा ग्राफ्ट फसलेला माणूस असेल, तर ही पट्टी न घालण्यासाठीच मला कारण लागेल.

हाड कापून उतार किंवा वाक सुधारण्याचं ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. पाय ठळकपणे धनुष्याकृती असेल आणि आतल्या बाजूची कूर्चा झिजू लागली असेल, तर ते आधी किंवा सोबत करावं लागतं. मागचा उतार १२ अंशांच्या वर असेल तर पहिल्या फेरऑपरेशनात करायचं की नाही यावर सर्जनांत मतभेद आहेत; दुसऱ्यांदा फसल्यावर मात्र तो विषय टाळता येत नाही. यासाठी अंशांचा आकडा कागदावर हवा, ‘थोडा जास्त वाटतो’ यावर हाड कापायचं नसतं.

आता खेळण्याबद्दल. सहा महिन्यांत तुम्ही मॅटवर गेलात, ते लवकर झालं. नॉर्वे-अमेरिकेच्या एका अभ्यासात असं दिसलं की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत दर महिना पुढे ढकललं, तर पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेलं. फेरऑपरेशनानंतर मी वर्षाच्या आत चढाईला परवानगी देत नाही, आणि तारखेवर तर मुळीच नाही : मांडीची ताकद मशीनवर मोजून, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या करून, चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आल्यावर. यातही मेख आहे. वर्षभर बसून चांगला पायही कमजोर झालेला असतो, तेव्हा त्याच्या ९० टक्के म्हणजे फार नव्हे. ऑपरेशनच्या आधीच चांगल्या पायाची ताकद मोजून लिहून ठेवा आणि नंतर तुलना तिच्याशी करा.

पूर्वीच्याच दर्जाचा खेळ परत मिळेल, असं वचन मी देणार नाही. दुसऱ्या ऑपरेशनचे निकाल पहिल्यापेक्षा कमी पडतात, आणि कूर्चा, गादी आधीच गेलेल्या असतील तर आणखी. कबड्डी सोडायची तयारी असेल आणि रोजच्या चालण्यात, जिने उतरण्यात, मोटारसायकलवर गुडघा सटकत नसेल, तर ऑपरेशन न करता फक्त व्यायामावर राहणं हाही खरा पर्याय आहे. सटकत असेल तर मात्र थांबू नका. दर सटकण्यागणिक उरलेली गादी आणि कूर्चा घासली जाते. निर्णय होईपर्यंत मॅट बंद. मांडीचे व्यायाम आणि सायकल चालू ठेवा.

आता लगेच करायचं काम. पहिल्या ऑपरेशनची टिपणं तुमच्याकडे नाहीत, फक्त डिस्चार्ज कार्ड आहे. त्या रुग्णालयाला लेखी अर्ज द्या : ऑपरेशनचं टिपण, दुर्बिणीतले फोटो, आणि स्क्रू-बटणाच्या पाकिटांवरचे स्टिकर. ते स्टिकर बहुधा केसपेपरला चिकटवलेले असतात आणि त्यांवर कंपनी, माप, धातूचा की विरघळणारा हे सगळं असतं. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचा पेचकस वेगळा. योग्य पेचकस टेबलवर नसला तर दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं आणि स्क्रूभोवतीचं हाड फुटतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण त्याच नियमांत आंतररुग्णांचे कागद जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच आहे. तुमची तीन वर्षं झाली आहेत किंवा होत आली आहेत. अर्ज या आठवड्यात द्या, पोच घ्या, आणि सीटीची वेळ त्यानंतर ठरवली तरी चालेल.